मावळातील उमेदवारी : शिंगरोबापासून कॅम्पस मुलाखतीपर्यंत

महाविद्यालयात मराठीच्या अध्यापकाकडे अध्यापनाखेरीज जी कामे येतात, त्यांत रोजगार मार्गदर्शन समितीचे काम सहसा कोणी मागून घेत नाही. काही वर्षांपूर्वी ते माझ्याकडे आले. मावळातल्या आमच्या महाविद्यालयात संगणक शास्त्र घेतलेली मुले बरीच असतात आणि त्यांतल्या बहुतेकांची नजर हिंजवडीकडे लागलेली असते. त्यांचे अर्ज तपासणे, सराव मुलाखती घेणे, कसे बसावे नि काय बोलावे हे सांगणे, असे या कामाचे स्वरूप.

एकदा अंदर मावळातला एक विद्यार्थी सरावासाठी समोर बसला होता. कुठला, असे विचारल्यावर त्याने ठोकरवाडी जलाशयाच्या काठावरच्या आपल्या गावाचे नाव सांगितले. वडील काय करतात, या प्रश्नावर, लोणावळ्यात एका बंगल्यावर राखणदार आहेत, असे तो म्हणाला. मी त्याला दोन्ही उत्तरे बदलायला लावली. गावाचे नाव त्यांना कुठून माहीत असणार, सरळ ‘पुणे’ म्हण. आणि वडिलांची ‘खाजगी नोकरी’ आहे म्हण. मुलगा आज्ञाधारक होता. त्याने दोन्ही उत्तरे इंग्रजीत पाठ केली. मुलाखतीहून परतल्यावर तो मला म्हणाला, “सर, त्यांनी विचारलं, पुण्यात कुठे? मला पुण्यातला एकही पत्ता सांगता येईना.”

त्याची निवड झाली नाही. कारण तेच असेल असे नव्हे. परंतु त्या खोलीत त्याला गप्प बसवणारे उत्तर मी दिलेले होते, हे मला विसरता आलेले नाही. ज्या तालुक्यात मी इतकी वर्षे शिकवतो आहे, त्या तालुक्यातल्या माणसाला कामावर घेणाऱ्यांनी आजवर काय काय विचारले, आणि त्याने काय उत्तर दिले, असा प्रश्न तेव्हापासून मनात आहे. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचा पाठपुरावा होय.

तीन शब्द

भाषेच्या अभ्यासकाने शब्दांपासून सुरुवात करावी हे स्वाभाविक आहे. ‘मुलाखत’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ भेट. बखरींत आणि ऐतिहासिक पत्रव्यवहारांत मुलाखत होते ती दोन सरदारांची, दोन वकिलांची, क्वचित दोन शत्रूंची. तिच्यासाठी जागा ठरवावी लागते, सोबत किती माणसे असावीत याची बोलणी होतात, नजराणा आणि पोशाख यांची देवघेव होते. दोन्ही पक्षांना काही मागायचे असते आणि दोघांनाही नाही म्हणण्याची मुभा असते. नोकरीच्या संदर्भात हाच शब्द आपण वापरू लागलो तेव्हा त्यातली ही बरोबरी गळून गेली. एक बाजू विचारणारी आणि दुसरी उत्तर देणारी, असा एकतर्फी अर्थ तेवढा उरला.

‘उमेदवार’ म्हणजे उमेद बाळगणारा, आशेवर असलेला. इंग्रजी अमलातल्या कचेऱ्यांमध्ये पगाराविना वर्षानुवर्षे नकला करीत, जागा रिकामी होण्याची वाट पाहत बसणाऱ्याला उमेदवार म्हणत. ‘उमेदवारी करणे’ या वाक्प्रयोगात शिकणे, राबणे आणि ताटकळणे हे तिन्ही अर्थ एकत्र आहेत.

तिसरा शब्द ‘कामगार’. आज तो अंगमेहनतीचे काम करणाऱ्याला लावतात. महात्मा फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात ‘भटकामगार’ हा शब्द येतो तेव्हा मात्र त्यांना कचेरीतला ब्राह्मण अधिकारी अभिप्रेत असतो. एकोणिसाव्या शतकातला कामगार खुर्चीवर बसत असे. पुढच्या शतकात तो यंत्रापाशी उभा राहिला. अर्थाची ही उतरण मावळाच्या इतिहासातही दिसते. येथल्या माणसाला प्रथम विचारले गेले ते बरोबरीच्या पातळीवरून, पुढे मात्र प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा यांच्यातले अंतर वाढत गेले.

ओळखीचा जामीन

मावळातल्या नोकरभरतीची सर्वांत प्रसिद्ध हकीकत अर्थातच शिवकालातली. घाटमाथ्यावरच्या पायदळात मावळ्यांचा भरणा होता. ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात या भरतीची रीत नोंदवली आहे. तिच्यानुसार शिवाजी महाराज प्रत्येक माणूस स्वतः पाहून घेत, आणि जो माहितीतला नसेल त्याच्याबद्दल आधीपासून चाकरीत असलेल्या कोणाचा तरी जामीन घेत. हत्यार ज्याचे त्याने आणायचे, दारूगोळा सरकारातून मिळायचा.

आजच्या कंपन्यांत कर्मचाऱ्याच्या शिफारशीने उमेदवार घेण्याची जी पद्धत आहे, तिच्याशी या रीतीचे साम्य पाहून विद्यार्थी हसतात. साम्य आहेच, पण भेद अधिक महत्त्वाचा आहे. जामीनदाराच्या पद्धतीत विचारला जाणारा प्रश्न ‘तुझ्याविषयी सांग’ असा नसून ‘तुझ्याविषयी कोण सांगेल?’ असा होता. माणसाची ओळख त्याच्या गावात आणि भाऊबंदांत असे. ती जाहीर करण्याची कला त्याला अवगत असण्याची गरज नव्हती. जवळजवळ प्रत्येक शिपाई आपल्या काही सोबत्यांना जबाबदार असल्यामुळे सैन्य बांधले जाई. तोच गुण हा या पद्धतीचा दोषही म्हणता येईल, कारण ज्याला कोणी ओळखत नाही त्याला तिच्यात प्रवेश अवघड. तरीही गावाचे नाव सांगणे हे तिथे कमीपणाचे नव्हते. तीच उमेदवाराची पहिली पात्रता होती.

वाट दाखवणारा

यंत्रयुगातली पहिली कंपनी मावळात आली ती रेल्वेची. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे ही लंडनमध्ये भांडवल उभारलेली खाजगी कंपनी होती. मुंबई ते ठाणे गाडी १८५३ साली धावली, पण पुण्याकडे जायचे तर मध्ये बोरघाट होता. घाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले. पुण्याकडून खंडाळ्यापर्यंतचा लोहमार्ग १८५८ सालीच तयार होता; प्रवासी मधला घाट पालखीने किंवा पायी उतरत. अखेर २१ एप्रिल १८६३ रोजी घाटातला मार्ग खुला झाला. सुमारे साडेपाचशे मीटरची चढण, पंचवीस बोगदे, आणि चढ सोसण्यासाठी गाडीची दिशाच उलटवणारे स्थानक, असे ते काम होते. मुख्य अभियंता जेम्स बर्कले याचे नाव इतिहासात आहे. पहिला ठेकेदार फेव्हिएल याने १८५९ मध्ये काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल भारतात पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका पुढे चालवला. तिचेही नाव आहे.

ऐन भरात या घाटात चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. त्यांची मुलाखत कोणी घेतली नाही. कंपनीने ठेकेदार नेमायचा, ठेकेदाराने पोटठेकेदार, त्याने मुकादम, आणि मुकादमाने माणसे मोजून आणायची, अशी ती साखळी होती. जामीनदाराची जागा मुकादमाने घेतली. फरक इतकाच की जामीनदार माणसाबद्दल बोलत असे आणि मुकादम आकड्याबद्दल. साखळीत वरून निघालेली मजुरी खाली पोहोचेपर्यंत आटत असे. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगा झाला, त्याची सरकारी चौकशी झाली. त्याच सुमारास पटकीने किती जण गेले हे सांगतानाही कागदपत्रांत आकडेच येतात, नावे येत नाहीत.

नाव येते ते एका आख्यायिकेत. जुन्या मुंबई-पुणे मार्गावर खंडाळ्याच्या घाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. शिंगरोबा हा या डोंगरात जनावरे चारणारा धनगर. साहेबांना घाटातून वाट सापडत नव्हती. दुर्बिणी आणि साखळ्या घेऊन हिंडूनही चढ जुळेना, तेव्हा याने आपल्या पायाखालची वाट दाखवली. काय बक्षीस हवे, असे साहेबाने विचारले. देश सोडून जा, असे शिंगरोबा म्हणाला, आणि साहेबाने त्याला गोळी घातली. अशी ही कथा. घाटातून जाणारे वाहनचालक देवळापाशी नाणे टाकून पुढे जात आले आहेत.

कागदोपत्री पुरावा मागणाऱ्या इतिहासकाराला ही कथा उपयोगाची नाही, आणि तिच्यातली स्वातंत्र्याची मागणी नंतरच्या काळाची छाया घेऊन आली असावी असे मानायला जागा आहे. पण साहित्याच्या विद्यार्थ्याने तिच्याकडे पाठ फिरवू नये. या कथेत एक संपूर्ण मुलाखत आहे. कंपनीला ठाऊक नसलेली गोष्ट धनगराला ठाऊक आहे. प्रश्न विचारला जातो, उत्तर मिळते, ते उत्तर उपयोगी पडते. त्यानंतर दुसरा प्रश्न येतो, ‘तुला काय हवे?’ आणि या प्रश्नाचे खरे उत्तर दिल्याबद्दल माणूस मारला जातो. ज्ञान घ्यावे, पण ज्ञान असलेल्या माणसाला बरोबरीने वागवू नये, हा अनुभव चाळीस हजार अनामिकांच्या वतीने लोककथेने एका नावाखाली साठवून ठेवला आहे. दुसऱ्या प्रश्नाला काय उत्तर देऊ नये हे मावळ तेव्हापासून शिकत आला.

एक पैशाचे भांडवल

रेल्वे सुरू झाल्यावर साडेचार दशकांनी मावळातच, तळेगाव दाभाडे येथे, अगदी वेगळ्या धाटणीचा उद्योग उभा राहिला. त्याची कल्पना अंताजी दामोदर काळे यांची. प्रत्येक माणसाने एक पैसा द्यावा, त्यातून निधी उभारावा आणि त्या निधीतून देशी उद्योग सुरू करावेत. त्या वेळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत. विनोदाचा विषय होण्याजोगी ही कल्पना लोकमान्य टिळकांनी उचलून धरली, आणि १९०५ नंतरच्या स्वदेशीच्या लाटेत तिला बळ मिळाले. १९०८ साली तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. त्याच वर्षीच्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. म्हणजे ज्यांच्या आधाराने निधी वाढला त्यांच्या गैरहजेरीतच कारखान्याची पहिली वर्षे गेली.

काचच का निवडली? कंदिलाची चिमणी, औषधाची बाटली, बांगडी या रोजच्या वस्तूंसाठी देश ऑस्ट्रिया आणि जपान यांसारख्या देशांच्या मालावर अवलंबून होता. वाळू, सोडा आणि चुना हे घटक साधे; अवघड होते ते तंत्र. जपानमध्ये काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे तळेगावच्या कामाची सूत्रे आली. पुढे त्यांनी संयुक्त प्रांतात बहजोई येथे स्वतःचा काच कारखाना काढला.

या कारखान्याचे वैशिष्ट्य असे की तो शाळाही होता. माल काढणे हा अर्धा हेतू. उरलेला अर्धा हेतू काचकाम जाणणारी माणसे तयार करणे हा होता. येथे शिकून तयार झालेले कारागीर निरनिराळ्या प्रांतांतल्या काच कारखान्यांत गेले, आणि पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-जर्मनीचा माल बंद पडून देशी कारखान्यांना मागणी आली तेव्हा अशा माणसांची किंमत कळली. उद्योगधंद्याच्या रूढ हिशेबाने पाहिले तर आपण शिकवलेली माणसे दुसरीकडे जाणे हा तोटा होय. पैसा फंडाच्या हिशेबात तो नफा होता, कारण भांडवल ज्यांचे होते त्या असंख्य पैसेवाल्यांना लाभांश हवा नव्हता, देशात काच करता येणारी माणसे हवी होती.

काचकामाची एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. भट्टीतल्या मुशीतून वितळलेल्या काचेचा गोळा फुंकनळीच्या टोकावर उचलायचा, नळी फिरती ठेवायची आणि श्वास बेताने सोडायचा. थोडा अधिक सोडला तर फुगा फुटतो, थोडा उशीर झाला तर काच घट्ट होते. ही विद्या प्रश्नोत्तरांनी तपासता येत नाही. उमेदवाराला नळी हातात द्यावी लागते, त्याच्या हातून पुष्कळ काच फुटू द्यावी लागते, आणि हात बसेपर्यंत थांबावे लागते. येथे उमेदवारी या शब्दाला त्याचा चांगला अर्थ परत मिळाला. ‘तुला काय येते?’ याऐवजी ‘तुला शिकायचे आहे का?’ हा प्रश्न विचारणारी यंत्रयुगातली संस्था मावळात पहिल्यांदा उभी राहिली ती ही.

याच काळात तळेगावात प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय राष्ट्रीय शिक्षणाचा प्रयोग करीत होते. ‘ग्रंथमाला’ आणि ‘विश्ववृत्त’ या मासिकांचे संपादक म्हणून विजापूरकर आपल्या अभ्यासक्रमात येतात. ‘विश्ववृत्ता’तल्या लेखावरून त्यांना १९०८ मध्ये तुरुंगवास झाला आणि १९१० मध्ये सरकारने विद्यालयही बंद पाडले, हा भाग बहुधा तळटिपेत जातो. ग्रंथांची माला गुंफणारा मराठीचा संपादक आणि काचेची भट्टी पेटवणारे कारागीर एकाच गावात, एकाच ध्येयाने वावरत होते. भाषा आणि तंत्र ही दोन खाती अजून वेगळी झालेली नव्हती. या चळवळीचे नेतृत्व मुख्यतः पुण्यातल्या पांढरपेशा वर्गाकडे होते, आणि डोंगरातला कुणबी, धनगर, ठाकर किंवा कातकरी तिच्या मध्यभागी नव्हता, हेही येथे नमूद करायला हवे. योग्य प्रश्न विचारला गेला. तो सर्वांना विचारला गेला असे म्हणता येणार नाही.

पाणी मावळाचे

तळेगावात कंदिलाच्या काचेचा विचार चालू असतानाच पुढच्या काही मैलांवर, लोणावळ्यात, कंदिलाची गरजच संपवणारा उद्योग आकाराला येत होता. लोणावळ्यात वर्षाकाठी सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तेथून कोकणात पाचशे मीटरची सरळ उतरण आहे. हे पाणी अडवून खाली सोडले तर वीज होईल, हा विचार जमशेटजी टाटा यांनी धरला. १९०४ साली ते वारले आणि काम त्यांच्या मुलांनी पुढे नेले. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी १९१० मध्ये स्थापन झाली. संस्थानिकांसह देशी लोकांनी तिचे भाग घेतले, म्हणजे एका अर्थाने हाही स्वदेशीचाच आविष्कार होता. फेब्रुवारी १९११ मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्याला कोनशिला बसली. वळवण, लोणावळा आणि शिरोटा असे तलाव बांधले गेले. खोपोलीच्या वीजगृहातली पाणचक्रे स्वित्झर्लंडची आणि जनित्रे जर्मनीची होती. फेब्रुवारी १९१५ मध्ये लॉर्ड विलिंग्डन यांनी कळ दाबली आणि एक लाख व्होल्ट दाबाने वीज परळला पोहोचली. सिम्प्लेक्स ही तिच्यावर चालणारी मुंबईची पहिली गिरणी.

तंत्रज्ञानाच्या इतिहासात हे मोठे पर्व आहे आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. गिरणगावावरचा कोळशाचा धूर कमी झाला, देशात वीजनिर्मितीचा पाया घातला गेला. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने पाहता या कंपनीने मावळाला विचारले ते वेगळेच होते. तिला येथले पाणी हवे होते, पाणी साठवायला दरी हवी होती, आणि बांधकाम चालू असेतोवर हात हवे होते. भिंत उभी राहिल्यावर चालवायला लागणारे ज्ञान बाहेरून आले आणि तयार झालेली वीज मुंबईला गेली. अंदर मावळातले ठोकरवाडी धरण १९२२ साली झाले, त्याचे वीजगृह घाटाखाली भिवपुरीला. तलावाच्या काठावरच्या गावांत रात्री कंदीलच लागत राहिले.

तिसऱ्या योजनेच्या वेळी मात्र मावळ बोलला. मुळशीचे खोरे आज वेगळ्या तालुक्यात मोडते, परंतु भूगोलाने आणि माणसांनी ते मावळच. मुळा आणि निळा यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे ठरले; बुडणारी गावे पन्नासहून अधिक, माणसे सुमारे अकरा हजार. सर्वेक्षण सुरू झाले तेव्हा ज्यांची जमीन होती त्यांना कोणी विचारले नव्हते. जमीन घेतली जाणार होती ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे या सत्याग्रहाचे पुढारी. बापट सेनापती झाले ते येथेच. हे बापट तरुणपणी शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोला गेले होते ते अभियांत्रिकी शिकायला. यंत्र न समजणाऱ्याचा हा विरोध नव्हता. यंत्र शिकलेल्या माणसाने, यंत्र आणणाऱ्याला विचारलेला तो प्रश्न होता.

सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला आणि हरला. पुण्यात राहणाऱ्या सावकार जमीनमालकांना मोबदला हवा होता आणि कसणाऱ्या कुळांना जमीन, ही फूट त्याला भोवली. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या संशोधनातून हे तपशिलाने दाखवले आहे. धरण पूर्ण झाले, १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. मुलाखत या शब्दाचा जुना अर्थ मात्र मुळशीच्या मावळ्यांनी तीन वर्षे जागता ठेवला. समोरचा विचारतो तसे आपणही विचारू शकतो, आणि नाही म्हणू शकतो, हे त्यांनी करून पाहिले.

बुधा आणि त्याचे नातू

मराठी साहित्यात हा प्रदेश आणला तो तळेगावात राहिलेल्या गो. नी. दांडेकरांनी. ‘पवनाकाठचा धोंडी’ आणि ‘माचीवरला बुधा’ या त्यांच्या कादंबऱ्या आपण प्रदेशनिष्ठ, निसर्गनिष्ठ म्हणून शिकवतो. मुंबई सोडून राजमाचीच्या माचीवर परतणारा बुधा ही व्यक्तिरेखा विद्यार्थ्यांना आवडते. पण ती शिकवताना आपण एक प्रश्न क्वचितच विचारतो, की बुधाला मुळात मुंबईला जावे का लागले? राजमाचीच्या पायथ्याखालून रेल्वे जाते आणि तिच्या आसपासच्या दऱ्यांतले पाणी विजेसाठी अडवलेले आहे. ज्या डोंगरातून वाट, पाणी आणि वीज या तिन्ही गोष्टी मुंबईला गेल्या, त्या डोंगरातला माणूसही त्यांच्यामागून गेला. बुधाचे परतणे हे निसर्गप्रेम आहेच. त्याशिवाय ती एक नोकरी सोडण्याची कथाही आहे.

बुधाच्या पुढच्या पिढ्यांना मुंबईला जाण्याचे कारण उरले नाही. कारखाने तळेगावला आले. जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला, डिसेंबर २०२० मध्ये त्यातले उत्पादन थांबले, आणि मालमत्ता ह्युंदाईकडे देण्याचा करार २०२३ मध्ये झाला. दरम्यानच्या काळात कामगारांना आपल्या नोकरीसाठी न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. २०२२ च्या सप्टेंबरात वेदांत-फॉक्सकॉनचा अर्धवाहक प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातेत जाणार असे जाहीर झाले तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. पुढच्याच वर्षी जुलैत फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली. न आलेल्या कारखान्याच्या नोकऱ्यांची चर्चा आमच्या वर्गांत कित्येक दिवस चालली होती. मुले रोजगाराचे आकडे तोंडपाठ सांगत. त्या कारखान्यात नेमके काय केले जाते, हे विचारले तर मात्र सांगता येत नसे. आणि आम्हीही ते शिकवलेले नव्हते. घाटातला मुकादम आकडे बोलत असे. आता उमेदवारच आकड्यांत बोलू लागला होता.

ज्या हिंजवडीची स्वप्ने ही मुले पाहतात ती मुळशी तालुक्यातच आहे, हे सांगितल्यावर वर्गात क्षणभर शांतता पसरते. ‘जान किंवा जमीन’ म्हणणाऱ्यांच्या तालुक्यात आज काचेच्या इमारती उभ्या आहेत, आणि त्यांच्या आत बसण्यासाठी मावळच्या मुलाला आपल्या गावाचे नाव लपवावेसे वाटते. नव्हे, त्याला ते लपवायला आम्ही शिकवतो.

पहिला प्रश्न

आता त्या विद्यार्थ्याकडे परत येऊ. ‘तुमच्याविषयी सांगा’ हा तंत्रज्ञान कंपन्यांच्या मुलाखतीतला पहिला प्रश्न. वरवर तो उदार आहे. त्यात जामीन मागितलेला नाही, जमीन मागितलेली नाही, केवळ हातही मागितलेले नाहीत. पण तो प्रश्न अशा माणसाला गृहीत धरतो ज्याने स्वतःविषयी बोलण्याचा सराव लहानपणापासून केला आहे. आमच्या विद्यार्थ्याकडे सांगण्याजोगे नव्हते असे नाही. ज्या पाण्याच्या काठी तो वाढला ते पाणी शंभर वर्षांपूर्वीच्या एका तंत्रज्ञान कंपनीने अडवलेले आहे. त्याचे वडील ज्या लोणावळ्यात राखण करतात तेथे देशातल्या वीजनिर्मितीच्या एका मोठ्या पर्वाची कोनशिला बसली. गावापासून महाविद्यालयापर्यंत तो रोज दीड तास प्रवास करून तीन वर्षे येत राहिला. हे सगळे त्याच्याविषयीच होते. त्याला ते सांगता आले नाही, कारण ते सांगण्याजोगे आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि ज्याने सांगायचे त्याने ‘पुणे’ असे उत्तर पाठ करून घेतले होते.

इंग्रजी सफाईदार नसणे ही अडचण खरी आहे आणि ती इतिहासाने सुटणार नाही. आपल्या गावाचा इतिहास जाणणाऱ्याला नोकरी लागते असा दावाही कोणी करू नये. माझे म्हणणे इतकेच, की उमेदवाराच्या तोंडून त्याचे गाव काढून घेण्याचे काम निदान भाषेच्या अध्यापकाने करू नये. कंपनी काय विचारील हे आपल्या हातात नाही. उमेदवार आत कोणत्या चेहऱ्याने जातो, ते थोडेफार आहे.

अलीकडे सराव मुलाखतीत मी पहिला प्रश्न मराठीत विचारतो. गावाचे नाव सांग, आणि इथून तिथपर्यंतची वाट सांग. मुले प्रथम गोंधळतात, मग सांगू लागतात; कोणता फाटा, कोणती खिंड, पावसात कोणता ओढा अडवतो. वाट सांगताना त्यांचा आवाज बदलतो. मग तेच इंग्रजीत सांगायला लावतो. शेवटच्या प्रश्नाचाही सराव घेतो, कारण मुलाखत संपवताना बहुतेक ठिकाणी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ असे म्हणतात आणि आमची मुले ‘नाही’ म्हणून उठतात. शिंगरोबाची गोष्ट ज्यांनी ऐकली आहे त्यांना ती सवय कळेल. मी त्यांना पैसा फंडाचा प्रश्न उलटा करून विचारायला सांगतो : येथे मला काय शिकायला मिळेल?

गेल्या वर्षी तोच विद्यार्थी कसल्याशा दाखल्यासाठी महाविद्यालयात आला होता. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कंपनीत यंत्रांच्या देखभालीचे संगणकीय काम करतो म्हणाला. मुलाखतीत काय विचारले, असे मी विचारले. तो म्हणाला, “गाव कुठलं, ते विचारलं सर. या वेळी खरं सांगितलं.” अर्जावर पत्त्याच्या रकान्यात त्याने गावाचे नाव, पोस्ट आणि तालुका मावळ असे तीन ओळींत पूर्ण लिहिले होते. मी सही करून दाखला त्याच्या हातात दिला.